नाही म्हणण्याचा भाव

डिसेंबर २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं स्टीलचं एक मनगटी घड्याळ ६५ लाख डॉलरला गेलं. दुकानातली त्याची छापील किंमत होती साधारण साडेबावन्न हजार डॉलर. तेव्हाच्या दराने बोलीचे रुपये केले, तर ते ४९ कोटींच्या आसपास भरतात. यवतमाळ जिल्ह्यात एवढी रक्कम डोळ्यांपुढे आणायची, तर तिचा कापूस करून बघावा लागतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये. म्हणजे झाला सुमारे ८१ हजार क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तर सोळा हजार एकरांवरची पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी आणि वेचणी एका मनगटावर मावली. शिवाय त्या मनगटावर जी वेळ दिसते तीच खिशातल्या मोबाईलवरही दिसते, आणि मोबाईलवरची जास्त बरोबर असते. हे ऐकून 'पैसेवाल्यांचा माज, दुसरं काय' असं म्हणून मोकळं होता येतं. ते खोटं नाही, पण आळशीपणाचं आहे. माजाने माणूस एकदा पैसे उडवेल. वर्षानुवर्षं, ठरावीक तीन-चार कंपन्यांच्याच दारात, रांगेत उभा राहून उडवणार नाही. त्यामागे पद्धत आहे. ती पद्धत समजून घ्यायला जिनिव्हाला जायची गरज नाही. यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा राळेगाव, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ती पाठ आहे. फक्त त्याने ती उलट्या बाजूने पाहिली आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की महागडं घड्याळ विकणारा मुख्यतः नकार विकतो, आणि भाव तोच ठरवतो ज्याला 'आज नाही' म्हणणं परवडतं.

आधी हे मान्य करू, की स्वित्झर्लंडवर ही बुद्धी सुखासुखी आली नाही. १९६९च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्‌झ घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या. अचूक वेळ ही गोष्ट एकाएकी स्वस्त झाली. ज्या मालाचा उपयोग दुसरा कोणी स्वस्तात देतो, तो माल विकायचे दोनच मार्ग उरतात: त्याच्यापेक्षा स्वस्त व्हा, नाहीतर उपयोगाचं नावच काढू नका. स्विस लोकांनी दुसरा मार्ग धरला. १९७२ साली ओदमार पिगे कंपनीने 'रॉयल ओक' नावाचं स्टीलचं घड्याळ काढलं आणि त्याची किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांहून जास्त ठेवली. लोकांनी आधी वेड्यात काढलं, मग रांग लावली. योगायोग असा, की त्याच १९७२च्या हंगामात महाराष्ट्र सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदकडचे. एकाच वर्षी तिकडे ठरलं, की आमचा माल आमच्याच मर्जीच्या दुकानातून जाईल. इकडे ठरलं, की तुमचा माल आमच्याच केंद्रावर येईल. एका दारात घेणाऱ्यांची रांग लागली, दुसऱ्या दारात देणाऱ्यांची. दोन्ही रांगांत उभ्या माणसांचे पाय सारखेच दुखतात, पण भाव मात्र रांगेत उभ्या नसलेल्या माणसाच्या बाजूने हलतो, आणि अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांचा बराचसा अर्क एवढाच आहे.

रोलेक्सच्या अधिकृत दुकानातली रीत बघा. हवं ते घड्याळ काचेआड दिसतं, पण ते 'फक्त बघण्यासाठी' असतं. पैसे देतो म्हटलं तरी मिळत नाही. नाव नोंदवायचं, आपण काय करतो, घड्याळ कुठल्या प्रसंगासाठी हवंय ते सांगायचं, आणि वाट बघायची. किती दिवस, हे विचारणं असभ्यपणाचं. काही दुकानांत असं सुचवलं जातं, की आधी दोन-तीन कमी खपणारी घड्याळं किंवा बायकोसाठी एखादा दागिना घेतला, तर तुमची 'ओळख' वाढेल. युरियाच्या पोत्यासोबत नको असलेलं दुसरं खत गळ्यात मारणाऱ्या कृषी केंद्रांना आपण जी नावं ठेवतो, ती या दुकानांना कोणी ठेवत नाही, कारण इथे चहा चांगल्या कपात मिळतो. मग कोणी म्हणेल, की माल खरंच कमी असेल. तर तसंही नाही. रोलेक्स आकडे जाहीर करत नाही, पण जाणकारांच्या अंदाजाने ती वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळं बनवते. दहा लाख ही काही दुर्मीळ वस्तूची संख्या नव्हे. मागणीपेक्षा पुरवठा सतत थोडासा मागे ठेवायचा, एवढीच त्यातली कारागिरी. फार मागे ठेवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, बरोबरीला आणला तर दुकानाबाहेरचा भाव कोसळतो. आपल्याकडे नेमकं उलट. पाऊसपाणी चांगलं झालं, बोंडअळी आली नाही, कापूस भरघोस झाला, की भाव पडतो. जास्त पिकवल्याचा दंड भरणारा आणि कमी बनवल्याचं बक्षीस घेणारा, असे दोघेही एकाच पृथ्वीवर उत्पादक म्हणवतात.

एकच दार ठेवलं, की शेजारी चोरवाट आपोआप तयार होते. घड्याळांच्या धंद्यात तिला 'ग्रे मार्केट' म्हणतात. अधिकृत दुकानातून घड्याळ मिळालेला भाग्यवान त्यावरचं प्लॅस्टिक न काढता ते दलालाला देतो, आणि दलाल ते छापील किमतीच्या दीडपट-दुपटीने विकतो. म्हणजे दुसऱ्या हाताचं घड्याळ नव्याहून महाग. याला साहेब लोक 'रीसेल व्हॅल्यू' म्हणतात आणि आवाज खाली आणून बोलतात. एकाधिकार योजनेच्या दिवसांत पांढरकवड्याच्या दक्षिणेला हेच चालायचं, फक्त आवाज खाली आणायचं कारण वेगळं होतं. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद, म्हणजे तेव्हाचा आंध्र प्रदेश. तिकडे खुल्या बाजारात भाव जास्त असला, की रातोरात कापूस नदी ओलांडायचा, आणि स्वतःच्या शेतातला कापूस विकणारा शेतकरी तस्कर ठरायचा. तिकडचा भाव उतरला आणि इकडचा हमीभाव वर राहिला, की तोच कापूस उलटा येऊन महाराष्ट्राच्या केंद्रावर स्थानिक बनून उभा राहायचा. कापसाला जन्मगाव सांगता येत नाही, हे त्याचं भाग्य. योजनेचा हेतू वाईट होता असं मुळीच नाही. खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यापासून शेतकऱ्याला वाचवायचं होतं, आणि भाव पडलेल्या वर्षी तिने वाचवलंही. पण एक गोष्ट योजनेच्या तीसेक वर्षांनी शिकवली: एकच दार असणं महत्त्वाचं नाही, दाराची कडी कोणाच्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. स्विस कंपनीने कडी स्वतःच्या हातात ठेवली. रोलेक्सने तर २०२२च्या अखेरीस जुनी घड्याळंही स्वतःच्या शिक्क्यानिशी अधिकृत दुकानांतून विकायला सुरुवात केली. चोरवाटेवरही आपलाच नाका.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: "भाऊ, पण त्यायचा मालच तसा असंल ना!" असतो. खोटं कशाला बोला. चांगलं यांत्रिक घड्याळ म्हणजे शेकडो बारीक भागांचं काम असतं, आणि ते हाताने जुळवणारा माणूस अनेक वर्षं शिकलेला असतो. पण या कसबाचं अधिकृत मोजमाप काय आहे? स्वित्झर्लंडमध्ये 'क्रोनोमीटर' हा दाखला मिळवायला यांत्रिक घड्याळाने दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत चालावं लागतं. चौकातल्या दुकानातलं पाचशे रुपयांचं क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदच चुकतं. म्हणजे कसब खरं, पण किंमत कसबाची नाही. त्याचा पुरावा रोलेक्सच्याच 'डेटोना'चा. १९६३ साली निघालेलं हे घड्याळ कित्येक वर्षं दुकानात पडून राहायचं. कोणी घेता घेत नव्हतं. पुढे अभिनेता पॉल न्यूमनच्या हातात दिसलेल्या डायलला त्याचं नाव पडलं, आणि खुद्द न्यूमनचं डेटोना २०१७च्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरहून जास्तीला गेलं. आतली चाकं तीच, स्प्रिंग तीच. मधल्या काळात कसबात काडीचाही फरक पडला नव्हता. बदलली ती गोष्ट, आणि ती गोष्ट हवी असणाऱ्यांची संख्या.

दर्जाचा मामला आणखी गमतीचा आहे. कापसाच्या बाजारात दर्जा हा शब्द फक्त कापण्यासाठी वापरतात. ग्रेडर ढिगात हात घालतो, ओलावा बघतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी माघारी. पावसाने पिवळा पडला, अळीने कवडी झाली, की कापूस कवडीमोल. माल फार सुंदर आहे म्हणून ग्रेडरने स्वतःहून हजार रुपये जास्त लिहिल्याचं ऐकिवात नाही. जुन्या घड्याळांच्या जगात मात्र डाग हे दागिने आहेत. उन्हाने काळा डायल तपकिरी झाला, की त्याला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि किंमत कित्येक पटींनी वाढवतात. ऊन हेच जर मूल्यवर्धन असेल, तर एप्रिल-मे महिन्यात यवतमाळात नुसतं उभं राहून माणसाची किंमत किती वाढायला हवी, याचा हिशेब कोणीतरी एकदा करावा.

दुसरा आक्षेप वारशाचा. जुनं घराणं, जुना इतिहास, त्याचे पैसे. घड्याळ कंपन्या इतिहास सांभाळतात यात शंका नाही. गरज पडेल तिथे तो वळवूनही घेतात. १९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्स ही पोहणारी इंग्लिश खाडीच्या बर्फगार पाण्यात गळ्यात रोलेक्सचं 'ऑयस्टर' घालून उतरली. ती खाडी तिने त्याच महिन्यात आधी पार केली होती, पण लोकांना शंका आली म्हणून ही दुसरी खेप. या खेपेला थंडीमुळे तिला मध्येच बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. रोलेक्सने 'डेली मेल'चं पहिलं पान विकत घेऊन हा विजय जाहीर केला. बाई गारठली, घड्याळ जिंकलं, आणि शंभर वर्षं ती गोष्ट कामाला येते आहे. पण नुसतं जुनं असणं पुरत असतं, तर आपली शकुंतला कुठे जाऊन पोचली असती! मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरो गेज रेल्वे, कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायला किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली. १९२१चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत ओढत राहिलं. देश स्वतंत्र झाला तरी मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली आणि रेल्वे भाडं देत राहिली. दुर्मीळ, यांत्रिक, हाताने चालणारी, मूळ भागांसहित. शिवाय वेळेच्या बाबतीत तिची मर्यादा दिवसाला चार सेकंदांपेक्षा बरीच उदार. तिच्यासाठी न्यूयॉर्कात बोली लागली नाही, कारण वारसा आपोआप महाग होत नाही. तो महाग करावा लागतो, आणि ते करायला पानभर जाहिरातीचे पैसे लागतात.

इथे एचएमटीचा दाखला टाळून चालणार नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याच्या घड्याळासाठीही लोक वाट बघत. वऱ्हाडातल्या लग्नांत जावयाला घड्याळ कबूल झालेलं असायचं आणि ते वेळेवर न आल्याने रुसवेफुगवे व्हायचे. पण ती टंचाई खरीच होती. साहेबांनी कोणाला चिडवण्यासाठी ती घडवलेली नव्हती, आणि म्हणूनच तिच्यातून कंपनीला मोठेपणा मिळाला नाही, नुसत्या तक्रारी मिळाल्या. टायटन आलं, टंचाई संपली, आणि एचएमटीही खंगत गेली. जानेवारी २०१६मध्ये मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, आणि मग काय चमत्कार: 'जनता' आणि 'पायलट' शोधत हौशी लोक हिंडू लागले, भाव वर चढले. जुन्या यंत्रावर नवा रंगीत डायल चढवून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ही महाराष्ट्राची या क्षेत्रातली मोठी देणगी. जिवंतपणी कोणी विचारलं नाही आणि मेल्यावर पुतळा, हे आपल्याला नवीन नाही. पाटेक फिलिपने हेच शहाणपण वापरून २०२१मध्ये आपलं सर्वांत मागणीचं '५७११' मॉडेल धडधाकट असतानाच बंद केलं. सुरुवातीला सांगितलेला ६५ लाखांचा नग त्याच मॉडेलच्या निरोपाच्या फक्त १७० घड्याळांपैकी एक. एचएमटी मेली, ५७११ने समाधी घेतली.

मग नकार देण्याचं हे बळ येतं कुठून? मालकी कोणाची आहे, तिथून. रोलेक्सचे शेअर बाजारात मिळत नाहीत. संस्थापक हान्स विल्सडॉर्फने १९४५ साली स्थापलेल्या न्यासाकडे ती कंपनी आहे. पाटेक १९३२पासून स्टर्न कुटुंबाकडे आहे. ओदमार पिगेही घराण्यांच्याच हातात. ज्या तीन नावांचा दुकानाबाहेरचा भाव सर्वांत चढा, त्या तिघांनाही तिमाहीचा नफा दाखवण्याची घाई नाही. पैसे मार्चअखेर हवेत असं त्यांना कोणी म्हणत नाही. याउलट, रिशमों हा घड्याळांच्या धंद्यातला, शेअर बाजारात नोंदलेला गट. त्याने २०१८पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे पन्नास कोटी युरोचा न खपलेला माल परत घेतला, आणि त्यातला बराच मोडून टाकला. भाव पडू नये म्हणून. आपल्याकडे शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो तेव्हा त्याला आंदोलन म्हणतात, फोटो छापून येतो, भाव जिथल्या तिथे राहतो. माल नष्ट करण्याचाही मान त्यालाच, ज्याच्याकडे मोडून उरेल एवढं असतं. पाटेकची जाहिरात १९९६पासून सांगते, की घड्याळ तुमचं नसतंच, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते नुसतं सांभाळता. यवतमाळात पुढच्या पिढीसाठी इतक्याच निष्ठेने सांभाळलेली वस्तू म्हणजे सोसायटीचं कर्ज.

तिसरा आक्षेप जरा शहरी आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित तरुणांकडून येतो: घड्याळ हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. त्यांनी २०२२ आठवावं. त्या वर्षीच्या मार्चच्या सुमारास जुन्या घड्याळांचे भाव शिखरावर होते, मग घसरू लागले, आणि शिखरावर घेणारे घड्याळाकडे वेळ सोडून दुसऱ्याच कारणाने बघू लागले. नेमकं तेच इकडे झालं. २०२१-२२च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी ठरवलं, की यंदा आपणही 'आज नाही' म्हणू. कापूस घरात भरला. माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस, पोरांच्या अंगाला खाज. भाव परत दहा हजारांवर गेलाच नाही, उलट उतरत गेला, आणि वाळल्याने वजन घटलं ते वेगळंच. जिनिव्हातला सट्टेबाज आणि घाटंजीतला कास्तकार एकाच वर्षी एकाच चुकीत सापडले. दोघांनी कंपनीचा नकार बघितला, पण तिची तिजोरी बघितली नाही. गुंतवणूक म्हणून सांगितलेल्या या मालात आणखी एक बारीक गोष्ट आहे: रोलेक्सची काही मॉडेलं, पाटेक, ओदमार सोडले, तर बहुतेक महागडी घड्याळं दुकानाबाहेर पडताच छापील किमतीच्या खाली येतात. सरकारलाही ही गुंतवणूक वाटत नसावी, कारण एप्रिल २०२५पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का कर आधीच गोळा करायचा असा नियम आला, तेव्हा घड्याळ ज्या यादीत बसवलं त्यात शर्यतीचे घोडे आणि शौकाच्या बोटीही आहेत.

शेवटचा आक्षेप सगळ्यात सभ्य: ही तुलनाच अन्यायाची आहे, श्रीमंतांचं खेळणं आणि गरिबाचं पीक यांना शेजारी बसवून उगाच डोळ्यांत पाणी आणायचं. मला पाणी आणायचं नाही. यवतमाळचं नाव ज्या कारणाने वर्तमानपत्रांत येतं ते इथे ओढायचं नाही. घड्याळ घेणाऱ्याने खुशाल घ्यावं, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. मुद्दा फक्त यंत्रणेचा आहे, आणि तो अशासाठी महत्त्वाचा, की दर दिवाळीनंतर कोणीतरी तज्ज्ञ येऊन सांगतो, 'शेतकऱ्यांनी ब्रँडिंग शिकावं.' केंद्र सरकारने २०२०मध्ये भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नावही देऊन टाकलं. नाव छान आहे. पण नावाने भाव चढतो हा समज म्हणजे स्विस गोष्टीचं फक्त पहिलं पान वाचणं. नाव, मुकुटाचं चिन्ह, हिरवी पेटी, पोहणारी बाई, हा सगळा नंतरचा साज आहे. आधी लागते थांबण्याची ऐपत: माल ठेवायला कोरडं गोदाम, ठेवलेल्या मालावर मिळणारी उचल, आणि मार्चमध्ये दारात न येणारा वसुलीवाला. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना सोयाबीन-तुरीसाठी १९९०पासून हेच करू पाहते. तिच्यावर कोणी चकचकीत जाहिरात काढत नाही, म्हणून तज्ज्ञांच्या भाषणात ती येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ब्रँडिंगवर व्याख्यान द्यायला कोणी महागडं घड्याळ घालून आलं, तर त्याला एवढंच विचारावं, की साहेब, हे घड्याळ मिळायला तुम्ही किती महिने थांबलात? तो अभिमानाने आकडा सांगेल. मग सांगावं, तेवढे महिने आम्हाला थांबायची सोय करून द्या. नाव आम्ही आमचं आम्ही ठेवू.